हटवारजींची रेघ

आमच्या वर्तमानपत्राच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात मोरेश्वर हटवारांच्या टेबलावर दोन प्रकारची माणसं यायची, मेलेली आणि उडणारी. मेलेल्यांचे नातेवाईक पासपोर्ट फोटो आणि चार ओळींचा मजकूर घेऊन यायचे आणि हटवारजी त्याची निधनवार्ता करायचे. उडणारे हटवारजींच्या फोनवरून यायचे. अमेरिकेतले केपवाले नायक बुधवारी, जपानमधली मांगा रविवारी. आठवडाभर हे सगळं वाचून हटवारजी शनिवारच्या बालपानावर दोनशे शब्दांत एकेकाचा निकाल लावायचे. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस भंडाऱ्यात बसून अकरा वर्षं जपानी कॉमिक्सची समीक्षा लिहीत होता, असं मी बाहेर कुठे सांगितलं की लोकांना थाप वाटते. थापांशी माझा संबंध आहेच, पण तो पुढे येईल.

मी त्या कार्यालयात पानं लावायचो. म्हणजे बातम्या, फोटो, जाहिराती संगणकावर जागच्या जागी बसवायचो. माझी खुर्ची हटवारजींपासून चार हातांवर होती. आम्ही सगळे त्यांना हटवारजी म्हणायचो आणि ते मला 'प्रवीण बाबू'. रागावले की नुसतं 'प्रवीण'.

कॉमिक्सच का, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं. सिनेमावर लिहा, पुस्तकांवर लिहा, वजन वाढेल. त्यांनी समोरची निधनवार्ता माझ्याकडे सरकवली. 'मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांचे लाडके' असं काहीतरी होतं.

"या मानसाले मी ओळखत होतो," ते म्हणाले. "भावाची धानाची बांधी दाबून बसला होता. पन मी लिवलं मनमिळाऊ. हप्ताभर मी असंच लिवतो. गावात जो मरते थो मनमिळाऊच असते. सिनेमावर लिवलं तं टाकीजवाला जाहिरात बंद करते. पुस्तकावर लिवलं तं लेखक घरी येते. आता सांग, अमेरिकेतला उडता मानूस भंडाऱ्यात जाहिरात देते का? जपानवाला भांडाले येते का? म्हनून थे दोनशे शब्द माहे. हप्त्यातले दोनशे खरे."

मला तेव्हा हसू आलं होतं. माणूस जरा सरकलेला आहे, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलंही.

त्यांची वाचायची रीत बघितली असती तर तुम्हीही तेच म्हणाला असता. नवा अंक आला की हटवारजी आधी टेबलाखाली चपला काढत आणि पँट दोन घड्या वर दुमडत. फोनवर वाचायचं असलं तरी हात धुऊन येत. मग कोणी बोलवलं तरी ओ देत नसत. एकदा आमचे संपादक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, पाहुण्यांना घेऊन आले तर हा माणूस अनवाणी, पोटऱ्या उघड्या टाकून एका जपानी तलवारबाजात बुडालेला. साहेबांनी पँट कशाला वर केली म्हणून विचारलं.

"पान्यात उतराचं असन तं पँट ओली काहून कराची?" हटवारजी मान वर न करता म्हणाले.

ही पाण्याची भानगड त्यांच्या गुणांकनात होती. तारे नाहीत, दहापैकी सात नाही. सदराच्या कोपऱ्यात एका माणसाचं चित्र असायचं, हटवारजींनीच काढलेलं. धोतर खोचलेला, कमरेवर हात ठेवून उभा असलेला सडपातळ माणूस. त्या चित्रावर दर आठवड्याला ते पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारत. ती पाण्याची पातळी. घोटाभर म्हणजे वाचू नका. गुडघाभर म्हणजे कोणाकडे आयतं मिळालं तर वाचा. कमरभर म्हणजे वाचाच. छातीभर म्हणजे दोनदा वाचा. आणि गळाभर, ज्याच्यापुढे शब्द नाहीत. अकरा वर्षांत गळाभर त्यांनी दोनदाच दिलं. त्यातली एक मांगा मला आठवते, कारण ती त्यांनी मला बळजबरीनं वाचायला लावली होती. गावच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या शिपायाची गोष्ट. त्याची एकच शक्ती, की शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव त्याला मरेपर्यंत आठवतं. जगातले मोठमोठे खलनायक त्याच्यासमोर येतात आणि हा त्यांना पाळण्यातल्या नावानं हाक मारतो. मी पान लावता लावता रडलो होतो, हे कबूल करतो.

मोठमोठ्या नायकांना मात्र त्यांच्याकडे दयामाया नव्हती. अमेरिकेत ज्याच्यासाठी लोक रांगा लावत होते, त्या अंकाला त्यांनी घोटाभर देऊन लिहिलं होतं, 'या महिन्यात नायक तिसऱ्यांदा मेला. आमच्याकडे इतक्यांदा मेलेल्या माणसाची बातमी घेत नाहीत.'

आता हे सगळं त्यांना सुरुवातीपासून येत होतं असं नाही. पहिली मांगा, इंग्रजीत उतरवलेली, त्यांच्या हातात पडली ती नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? आपली पोथी उघडावी तसं त्यांनी ते उघडलं आणि शेवटापासून सुरुवातीपर्यंत आख्खं वाचून काढलं. पहिल्याच पानावर नायकाचं प्रेत, मग लढाई, मग प्रेम, मग शाळा, आणि शेवटी पाळण्यातलं बाळ. हटवारजी वेडे झाले. 'मरणापासून जन्माकडे जाणारी अशी कथा मी पाहिली नाही' असं लिहून त्यांनी छातीभर देऊन टाकलं. तुमसरच्या एका कॉलेजच्या मुलानं पत्र पाठवलं, काका, पुस्तक उलटं वाचलंत. ऑफिसात आठ दिवस आम्ही त्यांची टर उडवली. जो येईल तो वर्तमानपत्र उलटं धरून त्यांच्यासमोर बसायचा.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. भंडाऱ्यात कोणाला काय कळणार होतं? हटवारजींनी पुस्तक सरळ बाजूनं पुन्हा वाचलं आणि पुढच्या शनिवारी सदराच्या सुरुवातीला छापलं, 'मागच्या आठवड्यात मी पुस्तक उलटं वाचलं. तलाव तोच आहे, मी चुकीच्या काठानं उतरलो. सरळ वाचल्यावर पाणी कमरभर निघालं. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून ते मिळवलं असेल त्यांची माफी.' आणि चित्रातली रेघ खाली आणली.

मी म्हटलं, "हटवारजी, माफी कायले? कोनी वाचत बी नसन."

"एक जन वाचत असन तरी थो माह्या रेघेवर उतरते ना बाबू."

तो चित्रातला माणूस कोण, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. चहाची वेळ होती आणि मी सहज म्हटलं, या म्हाताऱ्याला जरा अंगानं भरा, फार वाळका दिसतो.

"माहा बाप हाये थो," हटवारजी म्हणाले.

सानगडीकडच्या एका खेड्यात त्यांचे वडील पाणकर होते. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर. रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, आधी ते तलावात एका ठरलेल्या जागी जाऊन उभे राहायचे आणि काठावरच्या लोकांना ओरडून सांगायचे, कमरभर, छातीभर. त्यांच्या अंगाला पाणी कुठवर लागतं, त्यावरून गाव हिशेब लावायचं, कोणत्या बांध्या रोवायच्या आणि कोणत्या पडीक ठेवायच्या. एका वर्षी पाऊस कमी झाला. पाणी कमरेलाही नीट लागत नव्हतं. पाटलानं त्यांना आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, छातीभर म्हण, लोकं घाबरून गेले तर रोवणीच होणार नाही, पुढं पाऊस येतेच.

"बाप पान्यात जरासा वाकून उभा राह्यला," हटवारजींनी सांगितलं. "गुडघे वाकवले, तं पानी छातीले लागलं. काठावरून कोनाले दिसते? लोकायनं दूरदूरच्या बांध्या रोवल्या. पाऊस आला नाही. धान निसवाच्या, लोंब्या याच्या आधी तलाव आटला."

"मग लोकायनं मारलं काय त्यायले?"

"कोनी एक शब्द नाही बोललं. पुढच्या वर्षी बाप पान्यात उतरला, कमरभर म्हनून ओरडला. तं दोघं जनं काठी घेऊन त्याच्या मागं उतरले. त्याच्या बाजूले काठी घातली, पाह्यली, अन् मंग लोकायले सांगतलं. तवापासून दरवर्षी काठी. माहा बाप जितका काळ जगला तितका काळ त्याच्या बाजूले काठी. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं."

चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. ही गोष्ट मला ठाऊक होती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

सदराच्या अकराव्या वर्षी भंडाऱ्यात एक उडता माणूस जाहिरात देणारा निघाला. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्यानं आपल्या वाढदिवसाला स्वतःवरच कॉमिक्स काढलं. 'जलवीर' नावाचं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत. त्यात पुढारी निळा केप लावून आकाशातून येतो, फुटलेल्या तलावाची पाळ छातीनं अडवतो, बोट दाखवतो तिथे पाणी येतं. मागच्या पानावर आमच्याच पेपरात वर्षभर झळकणाऱ्या त्यांच्या शुभेच्छांच्या जाहिरातीचा नमुना. साहेबांनी ते हटवारजींच्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "या शनिवारी हे घ्या. अन् जरा गळ्यापर्यंत जाऊ द्या पाणी."

हटवारजींनी 'जलवीर' तीनदा वाचलं. तिन्ही वेळा चपला काढून, पँट दुमडून. त्यांनी त्याला इतरांपेक्षा कमी वेळ दिला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. शुक्रवारी दुपारी मजकूर माझ्या हातात आला. रेघ घोट्याला. आणि खाली लिहिलेलं, 'हा पाण्याचा नायक आहे म्हणतात. पण सोळा पानांत याचे पाय एकदाही ओले झालेले नाहीत.'

साहेबांनी ते माझ्या पडद्यावर बघितलं. हटवारजी तेव्हा एका निधनवार्तेचा फोटो आणायला बाहेर गेले होते. साहेब शांतपणे म्हणाले, "प्रवीण, हे असं गेलं तर सोमवारी हटवार येणार नाही. तुले काय करायचं ते तू पाह." आणि आपल्या खोलीत गेले.

मी हटवारजींचं घर बघितलेलं होतं. बायकोला संधिवात, मुलगी नर्सिंगला. मी ते शेवटचं वाक्य कापलं, त्याच्या आधीची दोन कापली, 'रंगीत, आकर्षक, सर्वांनी वाचावे' असं माझ्या पदरचं घातलं. मग माऊसनं ती रेघ पकडली. घोट्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कमरेवर, छातीवर. एवढ्याने भागेल का म्हणून क्षणभर थांबलो आणि गळ्यापर्यंत नेली. अकरा वर्षांतलं तिसरं गळाभर मी दिलं. खाली नाव मोरेश्वर हटवार. मला वाटलं, मी उपकार करतोय.

शनिवारी सकाळी ते आले, उभ्यानंच पेपर उघडून बालपान बघितलं. मग माझ्याकडे आले.

"कोनं केलं, प्रवीण?"

"साहेबानं सांगतलं."

"म्हनजे तूनं केलं."

"हटवारजी, तुमची नोकरी गेली असती. तुमच्यासाठीच केलं ना मी."

"मले इचारलं होतं?"

ते आवाज चढवतील, साहेबांकडे जातील, असं वाटलं होतं. ते जागेवर जाऊन बसले आणि एका म्हातारीच्या निधनवार्तेत 'मनमिळाऊ' लिहायला लागले.

गुरुवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, पुढच्या शनिवारसाठी. 'मागच्या अंकातली जलवीरची रेघ खोटी आहे. पाणी घोटाभरच आहे. वाचकांची माफी मागतो.' खाली त्यांची सही. माझं नाव नाही, साहेबांचं नाही, काही नाही. ती चिठ्ठी मी पानात घातली नाही. साहेबांना विचारलंसुद्धा नाही. खणात ठेवली आणि त्या जागी एका मोबाइल दुकानाची जाहिरात बसवली. पहिली गोष्ट मी दयेपोटी केली असं कोणी म्हटलं तर मी होकाराची मान हलवीन. ही दुसरी मी स्वतःच्या खुर्चीसाठी केली. ती माफी छापून आली असती तर रेघ कोणी हलवली, हे विचारलं गेलं असतं आणि माझं बोट सापडलं असतं.

हटवारजींनी शनिवारचं पान बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी निदान खोटं बोललो असतो आणि त्यांना भांडायला काहीतरी मिळालं असतं.

पंधरा दिवसांनी सानगडीच्या एका शाळेच्या शहारे मॅडम ऑफिसात आल्या. बसनं आल्या होत्या, पदरानं घाम पुसत हटवारजी कोण म्हणून विचारत होत्या. त्यांच्या पिशवीत एक जाड वही होती. शाळेतल्या मुलांनी दर शनिवारी हटवारजींचं चित्र त्यात उतरवून रेघ मारली होती, पाच वर्षांची. त्या वहीवरून शाळेच्या वाचनालयात काय आणायचं, हे ठरायचं. कमरेच्या वर रेघ असली तरच. मॅडमनी हे सगळं अगदी कौतुकानं सांगितलं. मग वहीतलं जलवीरचं पान उघडलं.

"सर, यंदाची आमची सगळी पुस्तकखरेदी याच्या प्रतींतच गेली," त्या म्हणाल्या. "गळाभर होतं म्हणून. पोरायनं वाचलं अन् मला विचारलं, मॅडम, सरांनी हे खरंच वाचलं का? मला काही सांगता आलं नाही. म्हटलं जाऊन विचारते."

मी चार हातांवर होतो. पडद्यावर एक पान उघडं होतं, त्यात मी डोळे घातले. हटवारजींनी मान माझ्याकडे वळवायची देर होती, बस. ते म्हणाले, "वाचलं होतं, मॅडम. तीनदा वाचलं. चूक माही हाये. पोरायले सांगा, सरनं खोटी रेघ मारली."

मॅडमना बहुतेक दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. वही पिशवीत घातली, चहा नको म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवसापासून हटवारजींनी सदर दिलं नाही. शुक्रवारी मी मागायला गेलो तर म्हणाले, "संपलं बाबू." आवाज साधा होता, आणि मला 'प्रवीण' न म्हणता 'बाबू' म्हणाले याचं मला जास्त लागलं. साहेबांनी त्या जागी आकड्यांचं कोडं सुरू केलं. ज्या नोकरीसाठी मी ती रेघ वर चढवली, ती नोकरी हटवारजींनी आणखी दीड वर्ष केली. सहाही दिवस निधनवार्ता. चपला घालून, पँट खाली सोडून. मग कंपनीनं भंडाऱ्याचं कार्यालयच बंद केलं आणि आम्ही सगळे एकाच दिवशी घरी गेलो. साहेबही. जलवीर तेवढे अजून उडत आहेत, परवा निवडून आले.

त्यानंतर हटवारजी मला एकदाच दिसले. राखीचा दुसरा दिवस होता. कारध्याच्या घाटावर बायका भुजल्या शिरवायला आल्या होत्या, टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब नदीत सोडायला घेऊन. वैनगंगा भरलेली, पाणी गढूळ, पायऱ्या किती बुडाल्या आहेत ते वरून कळत नव्हतं. मी बायकोला घेऊन गेलो होतो आणि वरच्या पायरीवर उभा होतो. खाली एक टकला माणूस पँट दुमडून पाण्यात उभा होता. पाठमोरा असूनही ओळखला. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागत होतं, मला इतक्या लांबून दिसत होतं.

एक बाई टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्याजवळच्या पायरीपर्यंत आली आणि थबकली.

"भाऊ, किती पानी हाये जी इथं? उतरू का?"

हटवारजींनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग ते बाजूला सरकले आणि काठाला अडकलेली एक वाळकी फांदी उचलून तिच्या हातात दिली.

"माह्या सांगन्यावर जाऊ नोको बाई," ते म्हणाले. "काठी घालून पाह्य."